पाहुण्याचा होकार

परप्रांतीच्या तरुणांना आपल्या मुलखात बोलावून त्यांना आपले डोंगर आणि गडकोट दाखवावेत, आणि पुढे त्यांच्या निमंत्रणावरून आपल्या मुलांनी त्यांच्या प्रांती जाऊन त्यांचा समुद्र आणि त्यांची देवालये पाहावीत, याइतका निर्मळ आणि हितकारक उपक्रम तरुण मंडळांच्या हाती दुसरा क्वचितच असेल, अशी माझी धारणा पूर्वीही होती आणि ज्या प्रसंगाची हकिगत मी येथे सांगणार आहे त्यानंतरही ती तसूभर ढळलेली नाही. मात्र त्या प्रसंगाने एक गोष्ट माझ्या मनावर कायमची ठसविली, ती अशी की आतिथ्य आणि साहस ही दोन्ही जेव्हा एकाच दिवशी एकाच कड्यावर एकत्र येतात, तेव्हा त्यांचे धर्म परस्परांच्या विरुद्ध जातात. यजमानाने आपल्याजवळचे उत्तमोत्तम ते पुढे ठेवावे आणि पाहुण्याने त्यास नाही म्हणू नये, हा आतिथ्याचा धर्म. आणि आपल्या शक्तीबाहेरचे जे असेल ते कोणाचीही भीड न धरता वेळीच नाकारावे, हा साहसाचा धर्म. या दोहोंची गाठ पडली म्हणजे बहुधा आतिथ्य जिंकते, आणि त्याची किंमत पाहुण्याला आपल्या हाडामांसाने चुकवावी लागते.

महसूल खात्यात प्रथम तलाठी आणि पुढे मंडल अधिकारी म्हणून माझी सारी हयात जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गेली असून, त्या पट्ट्यातील वाटा, पाणवठे आणि वाड्यावस्त्या माझ्या पायाखालच्या असल्यामुळे सेवानिवृत्तीनंतर आमच्या गावच्या तरुण मंडळाने मला सल्लागार म्हणून आपल्यात सामील करून घेतले. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी, सरदार पटेलांच्या जयंतीदिनी घोषित झालेल्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या योजनेत राज्याराज्यांच्या ज्या जोड्या लावण्यात आल्या, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आले. त्या निमित्ताने आमच्या मंडळाचा पुरी जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका युवक संघाशी पत्रव्यवहार जुळला, आणि आधी त्यांनी आमच्याकडे यावे व नंतर आम्ही त्यांच्याकडे जावे असा करार ठरला. त्यांच्या वीसएक मुलामुलींपैकी बहुतेकांनी डोंगर म्हणून काही पाहिले असेल तर ते आगगाडीच्या खिडकीतून. उलट लाटांच्या खाली बुडी मारून पलीकडे निघण्याची कला त्यांना चालता येऊ लागल्यापासून अवगत होती.

तारखा ठरविताना आमच्या मंडळींनी कोजागिरीनंतरचा आणि दिवाळीपूर्वीचा आठवडा निवडला. पाऊस ओसरलेला, गवत अजून उभे, भातकापणीला थोडा अवकाश, आणि आपल्या पंचांगाप्रमाणे आश्विनाचा वद्य पक्ष असल्यामुळे कोणाचे मोठे व्रत आड येण्याचा संभव नाही, असा विचार त्यामागे होता आणि आपल्या पंचांगापुरता तो बरोबरही होता. परंतु आपला महिना अमावास्येला संपतो, तर ओडिशात तो पौर्णिमेला संपतो. तेव्हा आपली कोजागिरी, जिला तिकडे कुमारपौर्णिमा म्हणतात, ती उलटली की दुसऱ्याच दिवशी त्यांचा कार्तिक सुरू होतो. हा महिना त्यांच्याकडे अत्यंत पवित्र मानतात. एरवी माशांवाचून ज्यांचा घास उतरत नाही अशी घरेही त्या महिन्यात मासे वर्ज्य करतात, आणि ज्यांनी व्रत धरलेले असते ते कांदालसूणही टाळून दिवसातून एक वेळ साध्या अरवा तांदळाचा भात खाऊन राहतात. व्रत धरणाऱ्यांत वृद्ध स्त्रियांचा भरणा अधिक असतो. पण आमच्याकडे आलेल्यांत पानमळ्याचा व्यवसाय करणाऱ्या घरचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आजी त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती, आणि तिचे वर्षानुवर्षांचे व्रत खंडित होऊ नये म्हणून त्याने ते तिच्या वतीने स्वतःकडे घेतले होते. त्याच्या संघातल्या दोघातिघांखेरीज ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती. आमच्यापैकी कोणालाच नव्हती.

कोणार्क एक्स्प्रेसने दीड दिवसाचा प्रवास करून मंडळी पुण्यास उतरली आणि रात्री उशिरा आमच्या गावी पोचली. दुसऱ्याच दिवशी हरिश्चंद्रगड हा कार्यक्रम. निघण्याची वेळ पहाटे सहाची ठरली होती. पण गावकऱ्यांच्या उत्साहाला आवर घालणे कोणाला साधेना. पाहुण्यांना फेटे बांधण्यात आले, मनगटांना अत्तर लावण्यात आले, औक्षण झाले, सरपंच बोलले, त्यांच्या मागून माजी सरपंच बोलले, आणि उशीर होत असल्याची जाणीव मी दोनदा करून दिली तरी चाललेला सत्कार मध्येच तोडणे हा पाहुण्यांचा अवमान होईल, असे सर्वांचे मत पडले. नाश्त्याला कांदेपोहे होते. त्या मुलाने आपली बशी दोन्ही हातांनी आदराने घेतली, आणि सर्वांचे लक्ष भाषणांकडे लागले असताना शेजारच्या मित्राच्या बशीत अलगद रिकामी केली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि प्रवासाच्या शिणामुळे भूक नसेल असे मला वाटले. बरोबर दिलेल्या शिदोरीत लसणाची फोडणी दिलेले पिठले, भाकरी आणि लसणाचाच ठेचा होता. म्हणजे त्या दिवसाच्या खाण्यात त्याच्या व्रतास चालेल असे कोरड्या भाकरीखेरीज काहीही नव्हते, आणि तीही व्रतातल्या एकभुक्ताची वेळ झाल्यावाचून तो तोंडात घालणार नव्हता.

गडावर जाण्यास अकोले तालुक्यातील पाचनईची वाट सर्वांत सोपी. साधारण अडीच-तीन तासांत माणूस हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचतो. आमच्या बाजूची खिरेश्वराची वाट तोलार खिंडीतून जाते. ती लांब आहे, खिंडीच्या वर लोखंडी कठडे लावलेला कातळटप्पा आहे, आणि तो चढून गेल्यावरही टेकाडामागून टेकाड ओलांडत पठारावरून बरेच चालावे लागते. ‘पाहुण्यांना आपल्या बाजूने नेऊ, खरा गड त्यांना त्या वाटेनेच कळेल,’ असे आमच्या पोरांनी ठरविले. त्यात प्रेमच होते. पण ज्या वाटेने जाण्यात यजमानाला अभिमान वाटतो ती वाट पाहुण्याच्या पायांना मानवेल की नाही, हा प्रश्न त्या प्रेमाला सुचत नाही. खिरेश्वरातून पाऊल उचलले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ज्यांनी सह्याद्रीत ऑक्टोबरचे ऊन अनुभवले आहे त्यांना सांगावयास नको, की पावसाळ्यानंतरच्या त्या दिवसांत वारा पडलेला असतो, गवतातून वाफ निघते, आणि काळा कातळ दुपारपर्यंत तळहात टेकवणार नाही इतका तापतो.

मी मागची फळी सांभाळीत होतो. तोलार खिंडीत विसाव्याला थांबलो तेव्हा आमच्या तुकडीचा म्होरक्या पाहुण्यांच्या प्रत्येक घोळक्यापाशी जाऊन हसतमुखाने हिंदीत विचारी, ‘काय, जमेल ना? दमला नाहीत ना?’ आणि प्रत्येक घोळका एकमुखाने उत्तर देई, की जमेल. त्या मुलानेही तेच उत्तर दिले. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण सर्वांचेच चेहरे लाल होते. वेगळे जे होते ते एवढेच की इतरांचे सदरे घामाने पाठीला चिकटले होते आणि त्याचा सदरा कोरडा होता. वैद्यकाची थोडीशी जाण असलेल्यास हे लक्षण पुरे होते. कातळटप्प्याच्या मध्यावर, कठड्याला धरून वर चढत असताना, त्याने एकाएकी हात सोडला आणि झोप आल्यासारखा मागे झुकला. त्याच्या खालच्या मुलीने त्याची पाठपिशवी धरली म्हणून तो थेट खाली गेला नाही. पण पुरुषभर घसरला, पाय एका कपारीत अडकला, आणि घोट्याच्या वरचे हाड मोडल्याचा आवाज मला खाली ऐकू आला.

त्यानंतरचा अर्धा तास ही त्या दिवसाची खरी आपत्ती होती, असे मी विचारांती म्हणतो. आमच्यातले काही जण म्हणत, आता वर न्यावे, वर तंबूवाले आहेत. काही म्हणत, खाली न्यावे. एक जण फोनला संपर्क मिळावा म्हणून एकटाच कड्याच्या टोकाकडे धावत सुटला. आणि कोणाचे म्हणणे अखेरचे मानावयाचे हे आधी ठरलेले नसल्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याहून मोठ्याने बोलू लागला. त्या गोंधळातून आम्हांला सोडविले ते पाहुण्यांच्या एका मुलीने, त्याची पाठपिशवी जिने धरली होती तिनेच. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाच्या किनाऱ्यावर सुमारे दहा हजार माणसे दगावली, तेव्हापासून त्या राज्याने किनाऱ्यावरच्या गावांसाठी वादळ-निवारे बांधले आणि निवाऱ्यांच्या समित्यांतून गावोगावच्या तरुणांना प्रथमोपचाराचे व सुटकेचे शिक्षण दिले. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ वादळ पुरीपाशी धडकले त्यापूर्वी बारा लाखांच्या घरात माणसे सुरक्षित स्थळी हलविण्यात आली, ती या तयारीच्या बळावर. ही मुलगी अशाच एका समितीत तयार झालेली होती. तिने प्रथम सर्वांना होते तेथे बसविले आणि हजेरी घेतली. कड्याकडे गेलेल्यास परत बोलाविले. मग जखमीस सावलीत निजवून त्याच्या कपाळावर व मानेवर ओला रुमाल ठेवला, बुटाची नाडी सैल केली, आणि चालण्याच्या दोन काठ्या पायाच्या दोन बाजूंना लावून सकाळी सत्कारात मिळालेल्या फेट्यांच्या कापडाने त्या गुडघ्यापासून तळव्यापर्यंत बांधल्या. बांधून झाल्यावर ती त्याच्या अंगठ्याचे नख दाबून सोडी आणि त्याच्यात रक्ताची लाली परत येते की नाही हे दर थोड्या वेळाने पाही. आवळणे अधिक झाले तर पाय गमावण्याची पाळी येते, हे तिला माहीत होते. त्याच्या उपासाची गोष्ट तिनेच मला सांगितली. साखरमिठाचे पाणी घोटघोट देता देता तो सावध झाला, तेव्हा दुखण्याविषयी एक अक्षर न काढता त्याने आमच्या म्होरक्याची क्षमा मागितली, की तुमचा कार्यक्रम माझ्यामुळे बिघडला.

खिरेश्वरची माणसे दोन वासे आणि घोंगडी घेऊन वर आली, त्यांची डोली झाली, आणि सूर्य सहाच्या सुमारास मावळल्यावर विजेरीच्या उजेडात, आळीपाळीने खांदे देत, त्यांनी त्या मुलास रात्री गावात आणले. १०८ क्रमांकाची गाडी तेथे येऊन थांबली होती. हाडावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो पूर्ववत चालू लागला. कोणावर ठपका ठेवण्यासाठी हे मी लिहीत नाही. दोन्ही प्रांतांची पोरे सद्भावनेने वागली होती. पण सद्भावनेला शिस्तीचा बंदोबस्त नसेल तर ती कोठवर नेते, हे पाहिलेल्या माणसाने ते लिहून ठेवणे अगत्याचे आहे, आणि यापुढे जी मंडळे असा विनिमय करू इच्छितात त्यांच्यासाठी ज्या गोष्टी मला आवश्यक वाटतात त्या मी तपशिलाने सांगतो.

पहिली गोष्ट पृच्छापत्रकाची. पाहुण्यांच्या प्रकृतीची पत्रके आमच्याकडे आधीच आली होती. इंग्रजीत छापलेली, आणि ‘काही व्याधी अगर अडचण’ या रकान्यापुढे प्रत्येक पत्रकावर ‘नाही’ असा शेरा. जन्मभर सातबारा आणि फेरफार तपासलेल्या माझ्या नजरेला तो शेरा एकाच हाताने एकाच बैठकीत भरलेला दिसला. असे पत्रक दप्तरास शोभते, डोंगरावर त्याचा उपयोग नाही. पत्रक पाहुण्याच्या मातृभाषेत असावे, ते त्याच्याच संघातल्या विश्वासाच्या माणसाने त्याला एकट्याला बसवून भरून घ्यावे, आणि त्यातील प्रश्न नेमके असावेत: या महिन्यात कोणते व्रत आहे काय, काय खात नाही, कोणते औषध रोज घ्यावे लागते, दमा, फेफरे, चक्कर यांपैकी काही कधी झाले आहे काय, उंचावरून खाली पाहताना काय वाटते, पोहता येत असेल तर कोठे शिकला आणि किती पाण्यात. मुलींना विचारावयाचे ते मुलीने विचारावे. आणि तारखा ठरविण्यापूर्वी दोन्ही प्रांतांची पंचांगे शेजारी ठेवून पाहावीत. आपल्याकडे ज्या दिवशी काही नाही त्या दिवशी त्यांच्याकडे वर्षाचे सर्वांत मोठे व्रत असू शकते.

दुसरी गोष्ट मी सर्वांहून महत्त्वाची मानतो. पाहुण्याला होकारार्थी उत्तर देता येईल असा प्रश्न डोंगरावर विचारूच नये. ‘जमेल ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. ते नाकारणे म्हणजे आपल्या संघाला, आपल्या प्रांताला कमीपणा आणणे, असे त्या वयातल्या मनाला वाटते आणि पाहुणा जिवावर उदार होऊन हो म्हणतो. त्याऐवजी विचारावे, की शेवटचा घास कधी खाल्लास आणि काय खाल्लेस. बाटली पुढे करून दाखव, पाणी किती उरले. लघवीला कधी गेला होतास आणि तिचा रंग कसा होता. हे विचारताना संकोच वाटतो, पण गडद पिवळा रंग अथवा सकाळपासून न जाणे हे शरीरातले पाणी आटल्याचे चिन्ह असून ते चेहऱ्यावरच्या हास्याहून पुष्कळ अधिक खरे बोलते. ऑक्टोबरच्या किंवा चैत्र-वैशाखाच्या उन्हात दर माणशी तीन लिटर पाणी निघतानाच जवळ असावे, आणि प्रत्येक तुकडीत एकाला तरी एक लिटर पाण्यास साखर सहा सपाट चमचे व मीठ अर्धा चमचा, हे लहान चमच्याचे प्रमाण तोंडपाठ असावे.

तिसरी गोष्ट अधिकाराची. यजमान मंडळाचा एक आणि पाहुण्या संघाचा एक, अशा दोन व्यक्तींना प्रारंभीच लेखी मुखत्यारी द्यावी, की या दोघांपैकी कोणाही एकाने ‘थांबा’ म्हटले तर कार्यक्रम तेथेच थांबेल, त्याचे कारण विचारले जाणार नाही, आणि त्यावर चारचौघांत वाद होणार नाही. दोघांचे एकमत व्हावे अशी अट घातली तर पाहुण्याचा प्रतिनिधी भिडेने नेहमीच यजमानाच्या बाजूला जाईल. म्हणून एकाचा नकार पुरेसा मानावा. त्याचबरोबर परतीची घटिका ठरवावी: अमुक वाजता जेथे असू तेथून मागे फिरावयाचे, मग गडावरचा कोकणकडा हाकेच्या अंतरावर का असेना. कर्नल साइक्सने ज्या कड्यावरून वर्तुळाकार इंद्रवज्र पाहिले तो आतल्या बाजूस वळलेला कडा दाखविण्याची यजमानाची तळमळ मी समजू शकतो. पण तो कोठे जात नाही, आणि पाहुणा पुन्हा येऊ शकतो. सत्कार, हारतुरे आणि भाषणे ही सर्व गड उतरून आल्यावरच करावीत. अत्तर तर मुळीच लावू नये. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात, उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात, आणि एकदा उठली की कठड्यावर अडकलेल्या माणसाला पळावयास जागा नसते.

या अधिकाराचे मोल आम्हांला दोनच दिवसांनी कळले. कार्यक्रमपत्रिकेत कड्यावरून दोराने उतरण्याचा खेळ होता, आणि त्याचे कंत्राट बाहेरच्या एका संस्थेकडे दिलेले होते. जखमीचा पाय बांधणाऱ्या त्या मुलीला आता तिच्या संघाने मुखत्यार नेमले होते. तिला दोरांतले काही कळत नव्हते, आणि तसे तिने उघडपणे सांगितले. म्हणून आमच्यातला उत्तरकाशीस गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम केलेला एक तरुण तिच्याबरोबर कड्याच्या माथ्यावर गेला. तेथे उतरण्याचा दोर आणि रक्षकदोर हे दोन्ही एकाच झाडाला बांधलेले आढळले. दोन दोर घेण्याचे प्रयोजनच हे, की एकाचा आधार निखळला तर दुसऱ्याने माणूस तोलावा. एकाच खोडाला दोन्ही बांधणे म्हणजे एकच दोर बांधणे होय. आधार किमान दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. कॅराबिनरची आटी फिरवून घट्ट बसलेली. रक्षकदोर धरणारा माणूस आपल्या जागी खिळलेला आणि गप्पांपासून दूर. मुलींचे केस व ओढण्या बांधून आत खोचलेल्या, कारण उतरण्याच्या कडीत ओढणी ओढली गेली तर माणूस अधांतरी लटकून राहतो. आणि दोर कातळाच्या धारेवर घासतो तेथे खाली जाड कापड. इतक्याची तर कोणाही पालकाने डोळ्यांनी पाहून खातरजमा करून घ्यावी. त्या मुलीने विचारले तेव्हा संस्थेच्या माणसाने सांगितले, की असे रोज कितीतरी जण उतरतात. तिने एकच वाक्य उच्चारले, ‘आमचा संघ उतरणार नाही,’ आणि खेळ रद्द झाला. कोणी कुरकुर केली नाही. किंबहुना जी मुले सकाळपासून मोठमोठ्याने हसत होती त्यांतल्या कित्येकांनी सुटकेचा श्वास टाकलेला मी पाहिला.

कंत्राट देताना काय पाहावे याविषयी थोडे सांगतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनासंबंधी जे धोरण जाहीर केले त्यात जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतील उपक्रम चालविणाऱ्यांना नोंदणी सांगितली आहे. तेव्हा नोंदणीचा दाखला मागण्यात भीड बाळगू नये. शिक्षकाचे प्रशिक्षण कोठे झाले हेही विचारावे. दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ पासून हे शिक्षण देत आहेत, आणि त्यांच्याकडे नुसते चढणे शिकण्याचा अभ्यासक्रम वेगळा व दुसऱ्यांना शिकविण्याचा वेगळा असतो. पहिला केलेला मनुष्य उत्तम चढणारा असेल. पण वीस अनोळखी मुलांची जबाबदारी ज्याने दुसरा केला त्याच्याकडे असावी. राज्यातील गिर्यारोहकांनी चालविलेल्या महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर या बचाव केंद्राचा क्रमांक, पायथ्याच्या गावातल्या पोलीसपाटलाचा क्रमांक आणि जेथे सर्पदंशावरील प्रतिविष आहे त्या जवळच्या रुग्णालयाचे नाव, या तीन गोष्टी प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेल्या असाव्यात, कारण गडावर दूरध्वनी मूक होतो. तेथे शिट्टी चालते: एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, ही संकटाची खूण अनेक देशांत मानली जाते आणि तिचे उत्तर तीन शिट्ट्यांनी देतात. दोन भाषांच्या तुकड्यांना तर शिट्टीसारखा दुसरा दुभाषी नाही.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस आमची पोरे पुरीला गेली आणि तेथे हाच धडा उलट्या बाजूने गिरविला गेला. आमच्यातले बहुतेकजण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले आणि धरणाच्या साठ्यात पैजा मारणारे. ‘पोहता येते काय?’ या प्रश्नाला त्यांनी छातीठोक होकार दिला, आणि त्यात खोटे काही नव्हते. फक्त ज्या पाण्यात त्यांना पोहता येत होते ते पाणी हलत नसे. पुरीच्या किनाऱ्यावर डोक्याला शंकूसारखी पांढरी टोपी घातलेले नुलिया असतात. मासेमारी करणाऱ्या जमातीचे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या स्नान करणाऱ्यांचा हात धरून त्यांना लाटांत नेत आले आहेत. त्यांनी ज्या पट्ट्यात जाऊ नका म्हणून सांगितले, तो पट्टा आमच्या मुलांना सर्वांत निवांत वाटला, कारण दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधले पाणी सपाट होते. ते सपाट दिसते याचे कारण किनाऱ्यावर चढलेले पाणी तेथून चिंचोळ्या ओघाने समुद्राकडे परत जात असते. आमचा एक धट्टाकट्टा गडी त्यात शिरला आणि पाहता पाहता दूर गेला. तो विहिरीत शिकलेल्या रीतीप्रमाणे सरळ काठाकडे हात मारीत राहिला. अशा ओघाविरुद्ध निष्णात पोहणाराही दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत आधी ओघाच्या बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर काठाला यावे, आणि शक्ती संपली असेल तर हात न मारता तरंगत राहून एक हात वर करावा, हे त्याला कोणी शिकविलेले नव्हते. नुलियाने त्याला बाहेर आणले. वाळूवर पडलेल्या त्या मुलाशेजारी जो तरुण पायाला पट्टी बांधून कुबडीवर उभा होता, तो कातळावरून घसरलेला तोच. पुढचे सारे दिवस त्याने आमच्या प्रत्येक पोराला पाण्याकडे जाताना अडवून विचारले, की ओघ कोठे आहे ते मला बोटाने दाखव, आणि ज्याला दाखविता आले नाही त्याला जाऊ दिले नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की परमुलखी गेल्यावर त्या मुलखातला जाणता नाही म्हणेल तेव्हा पाहुण्याने आपल्या गावच्या पराक्रमांचा दाखला देऊ नये, आणि यजमानाने पाहुण्याच्या गावच्या पराक्रमांवर विसंबू नये. पहिले चोवीस तास कोणताही साहसी कार्यक्रम ठेवू नये. लांबच्या प्रवासाने अंगातले पाणी आणि झोप दोन्ही कमी झालेली असतात. पहिली चढण अगदी लहान असावी, आणि ती केवळ माणसे पारखण्यासाठी असावी.

राहता राहिली गोष्ट घरी खबर देण्याची. तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. अपघाताच्या त्या संध्याकाळी, डोली अजून जंगलात असताना, आमच्यापैकी कोणीतरी खाली गावात येऊन मोबाइलवर चित्र पाठविले, ते हातोहात ओडिशात पोचले, आणि अंथरुणावरच्या आजीला शेजाऱ्यांनी सांगितले की तुझा नातू डोंगरावरून पडला. पुढची खबर मिळेपर्यंत त्या घरात चूल पेटली नाही. तेव्हा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे, की अपघात झाल्यास चित्र कोणी पाठविणार नाही. घरी फोन एकच व्यक्ती करील, आणि ती पाहुण्यांच्याच संघातील, त्या घरच्या बोलीत बोलणारी असेल. तिचे पहिले वाक्य तो शुद्धीवर आहे आणि बोलतो आहे असे असेल, दुसरे तो आता कोठे आहे आणि त्याच्याजवळ कोण आहे हे असेल, काय घडले ते तिसऱ्या वाक्यात येईल. आणि जखमीला बोलता येत असेल तर फोन लगेच त्याच्या हाती द्यावा, मग त्याला एकच शब्द बोलता आला तरी चालेल.